किराणा दुकान, पारंपरिक (मुंबई उपनगरे)

धान्य, डाळी, तेल, गूळ, साखर, मीठ, मसाले इ. शिधासामग्री किरकोळीने विकणारे व एकाच कुटुंबाच्या श्रमावर चालणारे दुकान. व्यापारी परिभाषेत धान्य-कडधान्यांस भुसार आणि मसाले, सुका मेवा इ. मालास किराणा म्हणतात. किरकोळ दुकानात हे दोन्ही एकत्र येतात. मराठी घरांत यास ‘वाण्याचे दुकान’ असेही म्हणतात.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही उपनगरे १९५० व १९५७ मधील हद्दवाढींनी मुंबई महानगरपालिकेत आली. रेल्वे-स्थानकांभोवती चाळी व पुढे गृहनिर्माण संस्था वाढल्या, तशी त्यांच्या तळमजल्यांवरील गाळ्यांतून ही दुकाने निघाली. या व्यवसायात कच्छी, गुजराती व मारवाडी कुटुंबे विशेष आढळतात. मराठी वाणीही आहेत. माल पूर्वी मशीद बंदर व दाणा बंदर येथील घाऊक पेढ्यांवरून येई. १९९० नंतरच्या दशकात तो मुख्यत्वे नवी मुंबईच्या बाजार समितीतून येऊ लागला.

दिनक्रम : सकाळी दुकान झाडून, उंबऱ्यावर पाणी शिंपडून व लक्ष्मी-गणपतीच्या तसबिरीस उदबत्ती ओवाळून व्यवहारास आरंभ होतो. पहिली विक्री म्हणजे ‘भवानी’. ती रोखीने व्हावी असा संकेत आहे. सकाळी गर्दी चहा-साखरेसाठी, संध्याकाळी रात्रीच्या स्वयंपाकासाठी होते. दुपारचा निवांत वेळ धान्य चाळणे, पुडे बांधणे व वह्या लिहिणे यांत जातो. कर्ता पुरुष गल्ल्यावर बसतो, मुले शाळा सुटल्यावर हाताशी येतात, स्त्रिया घरी धान्य निवडतात. गुमास्ता बहुधा गावाकडचा असून पुष्कळदा पोटमाळ्यावरच राहतो. घरच्या श्रमास वेगळा पगार नसतो. अल्प नफ्यावरही दुकान तगते, ते यामुळे.

शेर, नवटाक, छटाक ही जुनी वजने जाऊन १ एप्रिल १९६२ पासून मेट्रिक वजने देशभर सक्तीची झाली. तथापि पाव किलोस ‘पावशेर’ म्हणण्याची रीत बोलण्यात टिकून राहिली.

उधारी : या दुकानाचे खरे भांडवल उधारीची वही हे होय. पगारदार गिऱ्हाईक महिनाभर माल नेते व पगार झाल्यावर हिशेब चुकविते. नोंद दुकानाच्या खातेवहीत व गिऱ्हाइकाजवळील छोट्या वहीत अशी दोन्हीकडे होते. यास तारण किंवा जामीन नसतो. शेजार व ओळख हाच आधार असतो. एखाद्या घरातील मिळकत थांबल्याचे दुकानदारास लवकर कळते, कारण तूरडाळ किलोवरून पावशेरावर येते आणि तेल बाटलीतून सुटे नेले जाऊ लागते. अशा वेळी खाते चालू ठेवावे की बंद करावे, हा निर्णय त्याला एकट्याने घ्यावा लागतो. त्याने स्वतःही घाऊक व्यापाऱ्याकडून मुदतीवर माल उचललेला असतो. काही खाती बुडाली, तर त्याचेच दुकान अडचणीत येते. उलटपक्षी, थकबाकीदार गिऱ्हाइकास त्याच दुकानाशी बांधून राहावे लागते आणि भाव वा प्रत यांविषयी तक्रार करणे जड जाते. मोठ्या माणसांस संकोच वाटतो, म्हणून वही घेऊन मुलास धाडले जाते. विश्वास आणि मिंधेपण ही या व्यवहाराची दोन अंगे होत.

बदल : वेष्टनबंद मालामुळे पोत्यांची जागा फळ्यांनी घेतली. स्वतः निवडून घेण्याच्या मोठ्या दुकानांनी—पवई येथे डी-मार्टचे पहिले दुकान २००२ मध्ये निघाले—महिन्याची मोठी यादी बरीचशी ओढून घेतली. रोजची लहान खरेदी वाण्याकडे उरली. मार्च २०२० मधील टाळेबंदीत किराणा दुकाने अत्यावश्यक सेवा म्हणून चालू राहिली. भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याची सोय झाल्याने रोखीचा व्यवहार घटला. पुढची पिढी नोकरीकडे वळल्याने आणि जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात गाळे हलविले जात असल्याने काही दुकाने बंद पडली. यंत्रावरचा हिशेब अधिक अचूक असतो. परंतु पगार लांबलेल्या घरास महिनाअखेर शिधा देण्याचे जे काम वही करी, ते त्याने आपोआप होत नाही.