विशेष शिक्षकांचे नियोजन : प्रमाण, प्रवास आणि पर्यवेक्षण

सर्वसाधारण शाळेच्या पटावर अंध, कर्णबधिर किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या बालकाचे नाव आले की समावेशित शिक्षण साध्य झाले, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. प्रत्यक्षात त्या बालकाला ब्रेल कोणी शिकवावयाचे, श्रवणयंत्र बंद पडल्यास कोणी पाहावयाचे आणि वर्गशिक्षकाला मार्गदर्शन कोणी करावयाचे, हे प्रश्न प्रवेशानंतरच सुरू होतात. त्यांचे उत्तर शाळेबाहेरून येणाऱ्या विशेष शिक्षकावर आणि मदतनीसावर अवलंबून असल्यामुळे या मनुष्यबळाचे व्यवस्थापन हा शैक्षणिक प्रशासनातील एक कळीचा विषय ठरतो.

भारतात या प्रयत्नांचा आरंभ १९७४ च्या अपंग एकात्म शिक्षण योजनेपासून झाला. १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेला वैधानिक दर्जा मिळून विशेष शिक्षकांचे प्रशिक्षण व नोंदणी तिच्या अखत्यारीत आली. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ते एकवीस झाले. २०१८ मध्ये सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान व शिक्षक-शिक्षण योजना यांचे एकत्रीकरण होऊन समग्र शिक्षा योजना अस्तित्वात आली. तीत विशेष गरजा असलेल्या बालकामागे वार्षिक ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद करण्यात आली.

अनेक राज्यांत विशेष शिक्षक एका शाळेला नव्हे, तर गटसाधन केंद्राला जोडलेला असतो व तेथून तो शाळाशाळांना भेटी देतो. उदाहरणादाखल असा एक तालुका कल्पिता येईल, जेथे १५० शाळांत ३०० विशेष गरजा असलेली बालके आणि पाच विशेष शिक्षक आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला ३० शाळा येतात. रोज दोन शाळा केल्या तरी एक फेरी पूर्ण होण्यास १५ दिवस लागतात. प्राथमिक शाळांसाठी वर्षात किमान २०० दिवस विहित आहेत. सहा दिवसांच्या आठवड्यातील एक दिवस तपासणी शिबिरे, बैठका व माहिती भरण्यात गेला, तर एका शाळेला वर्षभरात जेमतेम अकरा भेटी मिळतात. महिन्यातून एकदा येणारा शिक्षक शिकवू शकत नाही. तो फार तर पाहणी करतो.

या पार्श्वभूमीवर विहित प्रमाणाचे महत्त्व कळते. रजनीश कुमार पांडे विरुद्ध भारत सरकार या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्र सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा बालकांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा बालकांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण अधिसूचित केले. सर्व बालके प्राथमिक स्तरावरील मानल्यास वरील तालुक्याला पाचऐवजी तीस शिक्षक लागतील. प्रत्येकाकडे पाच शाळा राहतील आणि आठवड्यातील एक पूर्ण दिवस एका शाळेला देता येईल.

परंतु प्रमाण साधल्यावरही एक पेच उरतोच. पुनर्वास परिषदेचे अनेक अभ्यासक्रम अपंगत्वाच्या प्रकारानुसार विभागलेले आहेत. कर्णबधिरांच्या शिक्षणाची पदवी घेतलेला शिक्षक ब्रेलमध्ये निष्णात असेलच असे नाही. शिक्षकांची विभागणी भूप्रदेशानुसार केली, तर प्रवास वाचतो, पण अंध बालकाच्या वाट्याला भलताच तज्ज्ञ येतो. विशेषीकरणानुसार केली, तर तज्ज्ञ योग्य मिळतो, पण त्याला सारा तालुका पालथा घालावा लागतो. व्यवहार्य मार्ग या दोहोंच्या मध्ये आहे. नियमित जबाबदारी जवळच्या शाळांच्या गटानुसार द्यावी आणि ब्रेल, सांकेतिक भाषा, भौतिकोपचार यांसाठी गटसाधन केंद्रातील साधनकक्षात ठरावीक वार राखून ठेवावेत. त्या वारी बालकाला आणण्यासाठी प्रवास व मदतनीस भत्ता वेळेवर हाती पडणे मात्र आवश्यक असते. पालकाची एक दिवसाची मजुरी बुडत असताना उशिरा मिळणारा भत्ता निरुपयोगी ठरतो.

पर्यवेक्षणाची रचनाही दुहेरी आहे. भेटीच्या नोंदीवर मुख्याध्यापकाची स्वाक्षरी असते, तर कामाचे वाटप गटस्तरावरून होते. परिणामी भेटींची संख्या मोजली जाते, बालकाची प्रगती नव्हे. वैयक्तिक शैक्षणिक आराखडा वर्गशिक्षक आणि विशेष शिक्षक यांनी मिळून तयार केला आणि आढावा त्याच आराखड्यावर घेतला, तर ही उणीव बरीच भरून निघते. अन्यथा वर्गशिक्षक ते बालक विशेष शिक्षकाचे समजतो आणि विशेष शिक्षक तर महिन्यातून एकदाच येतो.

या सर्वांच्या मुळाशी सेवेच्या अस्थिरतेचा प्रश्न आहे. वार्षिक आराखड्याच्या मंजुरीवर विसंबलेल्या कंत्राटी मानधनावर काम करणारा शिक्षक अधिक स्थिर संधी मिळताच निघून जातो आणि त्याच्याबरोबर बालकाची ओळखही जाते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्येच शाळानिहाय विशेष शिक्षक नेमण्याचे निर्देश दिले होते. महाराष्ट्राने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर ४,८६० विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना विहित प्रमाणानुसार मंजूर पदे अधिसूचित करण्यास सांगितले. पदे मंजूर होणे आणि ती भरली जाणे यांतील अंतर परीक्षार्थींनी स्वतंत्रपणे लक्षात घ्यावे.

तीव्र व बहुविध अपंगत्व असलेल्या बालकांना शिक्षण हक्क अधिनियमातील २०१२ च्या दुरुस्तीने गृहाधारित शिक्षणाचा पर्याय दिला आहे. त्यांच्यासाठी विशेष शिक्षकाला घरी जावे लागते. वेळापत्रक कोलमडले की प्रथम गाळली जाण्याचा धोका याच भेटीला असतो, कारण तेथे हजेरीपुस्तक नसते आणि स्वाक्षरी मागणारा मुख्याध्यापकही नसतो.