रुद्र, रूपं आणि रोजखर्च

पहाटे ५.००
बडोद्याच्या दांडिया बाजारातली जुनी माडी. तेवीस वर्षांचा मुलगा चटईवर मांडी घालून संस्कृत व्याकरणातल्या अष्टाध्यायीचा सहावा अध्याय म्हणतोय. पुस्तक मिटलेलं, अडलं तरच उघडायचं. सगळी मिळून जवळपास ४,००० सूत्रं. पहिले पाच अध्याय पक्के आहेत, सहाव्यात अजून ठेचा लागतात. एका जागी अडतो. मागची चार सूत्रं पुन्हा घेतो आणि अडलेल्या जागेवरून पुढे जातो. मोरीत कुणीतरी बादली आदळतं. तो थांबत नाही.

६.३०
धोतर, उपरणं, वर हेल्मेट. ॲक्टिव्हात कालच १०० रुपयांचं पेट्रोल घातलंय. मांजलपूरला सोमवारचा अभिषेक. साठीचे यजमान त्याला ‘या गुरुजी, बसा’ म्हणतात. रुद्र सुरू झाला की पिंडीवरची धार तुटता कामा नये. यजमानांचा हात भरून येतो, ते पळी दुसऱ्या हातात घेतात. गुरुजी डोळ्यांनीच तांब्याकडे खुणावतात: पाणी संपत आलंय.
दक्षिणा ५०१ रुपये, नारळ आणि वाटीभर तांदूळ. चहा-पोहे तिथेच. सयाजीराव महाराजांनी १९१५ साली संस्थानात कायदाच केला होता: परीक्षा पास झाल्याशिवाय पौरोहित्य करायचं नाही. आज परीक्षेचं कुणी विचारत नाही. यजमान विचारतात, “पुढच्या वेळी अर्ध्या तासात आटपेल ना?”

९.००
धोतर पिशवीत, अंगावर जीन्स. शास्त्रीबुवांकडे सिद्धांतकौमुदी चालू आहे. फी नाही. येताना अर्धा लिटर दूध आणायचं. त्याचे पैसे शास्त्रीबुवा सुट्टे मोजून देतात.
आज ‘सुद्ध्युपास्य’. सुधी अधिक उपास्य. ‘ई’च्या पुढे ‘उ’ आला, म्हणून ‘ई’चा ‘य्’. हे सूत्र सहाव्या अध्यायातलं. मग ‘ध’चं द्वित्व. त्यासाठी थेट आठव्या अध्यायात जायचं. दोन ‘ध’ झाले, त्यातल्या पहिल्याचा ‘द्’. तेही आठव्यातच. शेवटचा ‘य्’ गळायला हवा, मग तो का गळत नाही? इथे शास्त्रीबुवा चष्मा काढतात.
“अरे, पंक्ती लाव आधी. अर्थ मागून सांग.”
तो पंक्ती लावतो, म्हणजे ओळीतलं पद न् पद जुळवतो. एकदा चुकते, दुसऱ्यांदा लागते. तासाभरात दीड पान. बुवा म्हणतात, “बरं झालं आज.”

११.३०
सयाजीगंज, आर्ट्‌स फॅकल्टी. मोठ्या घुमटाखालची ही इमारत जुन्या बडोदा कॉलेजची. लॅटिन-ग्रीकमध्ये केंब्रिजला बक्षिसं मिळवलेले अरविंद घोष १८९३ साली बडोद्याच्या नोकरीत आले. पुढे ते या कॉलेजात इंग्रजी आणि फ्रेंच शिकवत. संस्कृत ते बडोद्यातच, आपले आपण शिकले.
एम.ए.चा वर्ग हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. शेजारच्या खोलीत बी.ए.चं पहिलं वर्ष चालू आहे. तिथून ‘रामः रामौ रामाः’ ऐकू येतं. मॅडम दार लोटून घेतात आणि काव्यप्रकाश उघडतात. काव्याच्या व्याख्येतल्या एकेका पदाचं प्रयोजन काय, ते पद काढलं तर काय बिघडतं. तास संपल्यावर टीकेची तीस पानं झेरॉक्स करायची, ३० रुपये. बाहेर सेव-उसळीची एक प्लेट, दोघांत.

२.३०
प्राच्यविद्या मंदिर. सुमारे ३०,००० हस्तलिखितांचा संग्रह. लघुशोधप्रबंधासाठी एकाच ग्रंथाच्या दोन प्रती ताडून पाहायच्या आहेत. लाल रुमालाची गाठ सुटते, वेखंडाचा वास येतो. पत्रं सुटी असतात, म्हणून आधी ती मोजायची. पेन आत न्यायचं नाही, फक्त पेन्सिल.
प्रत उतरवणारा लेखक जुना गुजराती. मात्रा अक्षराच्या डोक्यावर देत नाही, आधी उभा काना काढतो. शब्दांमध्ये जागाही सोडत नाही. ‘राम देव’ असेल तिथे डोळ्याला ‘रामादव’ दिसतं. चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप आहे आणि त्याच्यावर नवं अक्षर. लेपाखालचं अक्षर कोणतं? तो पान उजेडाकडे तिरकं धरतो. वहीत पाठभेद लिहितो, पुढे प्रश्नचिन्ह.
गायकवाड ओरिएंटल सीरीजचं पहिलं पुस्तक, राजशेखराची काव्यमीमांसा, १९१६ साली असंच प्रती ताडून निघालं. वाल्मीकिरामायणाच्या चिकित्सक आवृत्तीची सात कांडं १९६० ते १९७५ या काळात इथूनच छापून आली. या मुलाची दोन तासांत साडेतीन पानं झाली. मिळकत शून्य.

५.३०
शिकवणी. आठवी-नववीची सहा मुलं, प्रत्येकी महिना ७०० रुपये. घरी सगळी गुजराती बोलतात. फळ्यावर: इति अधिक आदि बरोबर इत्यादि. सकाळचंच सूत्र, इथे एका ओळीत.
“सर, ‘य’ क्यांथी आव्यो?”
“‘इ’ पछी बीजो स्वर आवे, तो ‘इ’नो ‘य्’.”
मुलगा मान हलवतो आणि विचारतो, हे किती मार्कांना येतं. मग सगळे मिळून ‘नदी’ चालवतात. षष्ठीला दोघं गडबडतात. परत पहिल्यापासून.

८.३०
जेवण झालं. वहीत हिशेब: जमा ५०१. खर्च झेरॉक्स ३०, सेव-उसळीचा वाटा ३०, दोन चहा २०. मग यूजीसी-नेट परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका. जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली तर दरमहा ३७,०००. पेपर तीन तासांचा, प्रश्न दीडशे, प्रत्येकाला चार पर्याय. सहाव्या अध्यायातलं तेच सूत्र इथेही आहे. पंक्ती कुणी विचारत नाही, पर्यायावर क्लिक करायचं.

९.१५
फोन. गुरुवारी वास्तुशांत, मुहूर्त सकाळी अकराचा. त्याच वेळी मॅडमचा तास. मुख्य गुरुजींच्या हाताखाली बसायचं, २,१०० मिळतील. तो एक क्षण थांबतो. “येतो,” म्हणतो. मग वर्गातल्या मुलीला मेसेज टाकतो: गुरुवारचा तास माझ्यासाठी रेकॉर्ड करशील का?