क्षय : कादंबरीतला आणि खरा

३ फेब्रुवारी १८४७ रोजी पॅरिसमध्ये मारी द्युप्लेसी ही तरुणी मरण पावली. वय अवघे २३ वर्षे. आजार क्षयाचा.

नॉर्मंडीतील एका खेड्यात गरिबाघरी जन्मलेल्या या मुलीचे मूळ नाव आल्फोन्सिन प्लेसी. पोटासाठी ती पॅरिसला आली आणि काही वर्षांतच तिथल्या श्रीमंत वर्तुळातील नावाजलेली गणिका झाली. लेखक धाकटा अलेक्झांडर द्युमा आणि संगीतकार फ्रान्झ लिस्ट हे तिच्या सहवासात आले. ती गेली तेव्हा डोक्यावर कर्ज होते; घरातील चीजवस्तूंचा लिलाव झाला. १८४८ साली द्युमाने तिच्यावरून कादंबरी लिहिली, १८५२ मध्ये तिचे नाटक आले आणि १८५३ मध्ये व्हर्दीचा ऑपेरा ‘ला त्राव्हियाता’.

त्या काळी क्षय हा नाजूक, भावनाप्रधान माणसांचा आजार मानत. फिकट कांती, सडपातळ बांधा, गालांवरची लाली यांना लोक सौंदर्य समजत. वास्तविक ती लाली तापाची आणि तो सडपातळपणा शरीर झिजल्याचा! डॉक्टरांकडे हवापालट आणि औषधी झऱ्यांचे पाणी याखेरीज फारसे काही नव्हते. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी जाहीर केले ते २४ मार्च १८८२ रोजी, आणि स्ट्रेप्टोमायसीन सापडले १९४३ मध्ये.

आज क्षय बरा होतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणे, बेडक्यातून रक्त यांपैकी काहीही आढळल्यास सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्यावा. तपासणी व औषधे तिथे मोफत मिळतात. साध्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. महिन्या-दोन महिन्यांत बरे वाटू लागते, आणि नेमक्या त्याच वेळी अनेकजण गोळ्या सोडतात. मग उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि उपचार अवघड होतो.

आणखी एक. लग्नाच्या मुलीचा खोकला ‘लोक काय म्हणतील’ म्हणून घरात लपवू नका. मारीच्या वेळी औषधच नव्हते. आपल्या मुलीसाठी ते गावातल्या दवाखान्यात आहे. तिला आजच घेऊन जा.