डिस्क तपासली, पण निकाल वाचता येतो का?

संगणक ही आता फक्त साहेबाच्या टेबलावरची वस्तू राहिलेली नाही. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतही शिवणयंत्राच्या शेजारी तो बसलेला दिसतो. बहुधा सेकंडहँड असतो आणि त्याच्या पोटात घरातले सगळे कागद असतात. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका, शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या प्रती, सगळे तिथेच. आमच्या संगणकात याखेरीज आमच्या वडिलांचा आवाज होता.

वडील गिरणी कामगार. १९८२ चा संप आणि त्यानंतरचे दिवस यांच्या आठवणी आमच्या मुलीने मोबाइलवर त्यांच्याच तोंडून टिपून घेतल्या होत्या. एकूण ११ ध्वनिमुद्रणे. मोबाइल भरला म्हणून ती संगणकात टाकली आणि मोबाइलमधून पुसली. दुसरी प्रत कुठेच ठेवली नाही. वडील २०२१ साली गेले.

२०२२ च्या पावसाळ्यात संगणक अडखळू लागला. एक फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटे. जवळच्या दुकानात नेला. तिथे म्हणाले, ‘डिस्कमध्ये एरर आहे, रात्रभर रिपेअरला लावून ठेवतो.’ सकाळी पडद्यावर ‘दुरुस्त्या केल्या’ असा इंग्रजी निरोप होता. आम्ही ५०० रुपये दिले आणि समाधानाने घरी आलो. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच, आणि आता तीन ध्वनिमुद्रणे वाजेनात. संगणकाच्या कामात असलेला आमचा भाचा आला. आवाज ऐकून म्हणाला, “मामा, आधी बंद करा ते. आणि आता कुणालाही रिपेअर करू देऊ नका.”

त्याने पुढे जे समजावले ते आम्हाला आधी कळते, तर बरेच वाचले असते. म्हणून ते येथे मांडतो.

वाचनालय डोळ्यांपुढे आणा. एक कपाटे, दुसरी नोंदवही. नोंदवहीत लिहिले आहे की अमुक पुस्तक तिसऱ्या कपाटात आहे, पण तिथे ते नाही. हा नोंदीचा घोटाळा झाला. पुस्तक जागेवर आहे, पण पाने वाळवीने खाल्ली आहेत, ही गोष्ट निराळी. हार्ड डिस्कचेही तसेच. आत चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असतात आणि त्यांवर माहिती छोट्या छोट्या कप्प्यांत साठवलेली असते. या कप्प्याला सेक्टर म्हणतात. कोणती फाइल कोणत्या कप्प्यांत आहे याची वही डिस्कवरच असते. अचानक वीज गेली की बहुधा वही बिघडते. डिस्क झिजली किंवा आपटली की कप्पे बिघडतात.

विंडोजमध्ये तपासणीची जुनी सोय आहे, तिला चेकडिस्क म्हणतात. काळ्या खिडकीत सी-एच-के-डी-एस-के ही सहा अक्षरे आणि पुढे ड्राइव्हचे नाव टाकले की ती नुसते पाहते, हात लावत नाही. तिरकी रेघ देऊन एफ लिहिले तर वही दुरुस्त करते. एफऐवजी आर लिहिले तर वहीबरोबर एकूण एक कप्पा वाचून पाहते, म्हणूनच रात्र जाते. दुकानात आमच्या डिस्कवर हेच लावले होते. वाळवीने खाल्लेले पान कोणतीही आज्ञा परत आणत नाही. तो कप्पा ‘वापरू नये’ म्हणून बाजूला टाकला जातो आणि फाइलमध्ये तेवढे भगदाड राहते. शिवाय थकलेल्या डिस्कला रात्रभर पळवले जाते ते वेगळेच.

निकाल कसा वाचायचा? ‘दोष आढळला नाही’ म्हणजे वही ठीक आहे, एवढेच. ‘दुरुस्त्या केल्या’ म्हणजे वहीत चुका होत्या. वीज गेल्यानंतर एकदा असे आले तर घाबरू नये; दर आठवड्याला येऊ लागले तर मूळ कारण शोधावे. चालू संगणकावर नुसते पाहताना कधी कधी खोटी चूकही दाखवली जाते, कारण तपासणी चालू असताना वहीत लिहिणेही चालूच असते. शेवटच्या आकड्यांत ‘बॅड सेक्टर्स’ची ओळ असते. तिथे शून्य नसेल तर दोष कप्प्यांत आहे असे समजावे. दुरुस्तीनंतर ‘फाउंड’ नावाचे, पुढे तीन शून्ये असलेले फोल्डर दिसले तर पुसू नका. मालक न सापडलेले तुकडे त्यात ठेवलेले असतात.

आता महत्त्वाचे. डिस्क स्वतःच्या दुखण्याची नोंद स्वतः ठेवते. या व्यवस्थेला स्मार्ट म्हणतात. ती वाचायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे. निळे म्हणजे ठीक, पिवळे म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. पण रंगावर थांबू नये. ०५ या ओळीत डिस्कने आजवर किती खराब कप्प्यांच्या जागी राखीव कप्पे लावले ते असते. सी५ मध्ये जे धड वाचता येत नाहीत, निर्णय बाकी आहे, असे कप्पे. सी६ मध्ये तपासणीत वाचताच न आलेले. सी५ चा आकडा पुढे कमी होऊ शकतो, कारण त्या जागी नवे लिहिले की एक तर कप्पा सुधारतो किंवा बदलला जातो. सी५ उतरला आणि ०५ चढला, तर तो आनंदाचा निरोप नव्हे.

आमच्या पडद्यावर सी५ पुढे १८ होते. भाचा म्हणाला, ते १८ नाहीत, २४ आहेत. हे सॉफ्टवेअर मूळचे आकडे सोळाच्या पाढ्याने दाखवते: एक सोळा आणि वर आठ. सेटिंगमध्ये दहाची पद्धत निवडता येते, ती आधीच निवडावी. आणखी एक गफलत होते. ‘करंट’ या रकान्यात १०० किंवा २०० दिसले की लोक तेवढे दोष आहेत असे समजतात. तो दोषांचा आकडा नव्हे, गुण आहेत. मर्यादेच्या खाली घसरले की नापास. मूळ मोजणी शेवटच्या ‘रॉ’ रकान्यात असते. काही कंपन्यांच्या डिस्कमध्ये ०१ या ओळीचा रॉ आकडा कोटींत दिसतो, तोही सहसा दोष नसतो. सेकंडहँड घेताना मात्र ०९ जरूर पाहा. डिस्क किती तास चालली ते तिथे असते. वर्षाचे ८,७६० तास धरून भागाकार करा, विकणाऱ्याचे ‘फारसा वापरलाच नाही’ लगेच कळते.

निळा रंग दिसला म्हणून निर्धास्त राहू नये. गूगल कंपनीच्या संशोधकांनी २००७ साली आपल्याकडील एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिला वाचनदोष सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट निघाली. पण त्याच अभ्यासात, बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या मुख्य चार खुणांत आधी काहीच दाखवले नव्हते. म्हणजे पिवळे दिसले तर विश्वास ठेवावा, निळ्यावर तितका नको.

म्हणून क्रम असा: आधी प्रत, मग तपासणी, दुरुस्ती सर्वांत शेवटी. टकटक आवाज येत असेल तर तपासणीही नको, वीज बंद करावी. चकत्या नसलेल्या एसएसडीला आवाज नसतो, तिचे आयुष्य टक्क्यांत दाखवलेले असते. प्रतीचा नियम तिलाही तोच.

भाच्याने नवी डिस्क आणून डीडीरेस्क्यू नावाच्या मोफत साधनाने नक्कल केली. ते आधी सहज वाचता येणारे भाग उचलते आणि अवघड जागी नंतर परत येते. दोन रात्री गेल्या. ११ पैकी आठ ध्वनिमुद्रणे पूर्ण आली, एकात मध्येच आवाज जातो, दोन गेली ती गेलीच. दाखल्यांचे मूळ कागद पेटीत होते, ते पुन्हा स्कॅन करता आले.

दुसरी हकीकत उलट आहे. आमच्या वसाहतीतल्या अभ्यासिकेचा संगणक सारखा अडकत होता. दुरुस्तीवाल्याने नवी डिस्क सांगितली, वर्गणी काढायची बोलणी सुरू झाली. एवढ्या अनुभवाने शहाणे झालेल्या आम्ही आधी स्मार्ट उघडले. ०५, सी५, सी६ तिन्ही शून्य. सी७ मात्र ४०० च्या वर. सी७ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांमधल्या ये-जा मार्गातल्या चुका, आणि हा मार्ग म्हणजे एक साधी केबल. केबल बदलली, संगणक सुरळीत चालू लागला. सी७ चा जुना आकडा पुसला जात नाही, तो फक्त वाढायचा थांबतो. म्हणून त्या दिवशीचा आकडा लिहून ठेवला.

अभ्यासिकेच्या कपाटाच्या दारावर आतून तो कागद लावला आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुले तारीख घालून ०५, सी५ आणि सी७ लिहितात, आणि प्रत काढली की शेजारी सही करतात.