‘पार्क’ केली की ‘खाक’ केली?

चालवून झिजते ती गाडी, आणि नुसती उभी राहून सडते तीही गाडीच! विंटेज गाडी घेणं ही हौस. पण ती महिनोन् महिने, वर्षानुवर्षं नीट ठेवणं ही कला. चला, सीट बेल्ट लावा. आज आपली सफर गॅरेजातून थेट तळ्याच्या तळाशी!

बॉम्बप्रूफ, पण वॉटरप्रूफ?

माहीत आहे का, अमेरिकेतल्या टल्सा शहरानं १९५७ साली कोरी करकरीत प्लिमथ बेल्व्हेडेअर चक्क जमिनीत पुरली होती? टाइम कॅप्सूल म्हणून! पन्नास वर्षांनी पेट्रोल मिळेल न मिळेल, म्हणून सोबत पेट्रोल ठेवलं. आणि बिअरही. दूरदृष्टी असावी तर अशी!

काँक्रीटचं तळघर अणुहल्ल्यातही टिकेल, अशी खात्री होती. २००७ साली समारंभपूर्वक झाकण उघडलं, तर आत पाणीच पाणी आणि गाडी गंजून लालेलाल. अणुबॉम्ब पडलाच नाही. पाणी मात्र न बोलावता आलं.

पुढची गंमत ऐका. २००७ मधली टल्साची लोकसंख्या जो अचूक ओळखेल, त्याला ही गाडी बक्षीस होती. विजेता १९७९ सालीच वारला होता! गंजलेलं बक्षीस गेलं वारसांकडे.

टल्साकर मात्र हार मानणारे नव्हेत. १९९८ मध्ये त्यांनी प्लिमथ प्राउलर सीलबंद केली. उघडणार २०४८ साली. या वेळी जमिनीच्या वर हं!

लिटरला लिटर

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, माहीत आहे का? वाफेच्या रूपात, सायलेन्सरमधून. इंजिन तापलेलं असेल तर वाफ बाहेर पडते. थंड असेल तर आतच थबकते, आणि गंजाला आयतं निमंत्रण!

म्हणजे दर रविवारी पाच मिनिटं गाडी ‘स्टार्ट करून’ बंद करणारे काका तिची सेवा नाही, छळ करतात. फिरवायची तर इंजिन पुरतं तापेपर्यंत फिरवा. नाहीतर झोपू द्या बिचारीला.

शिळं पेट्रोल

हो, पेट्रोलही शिळं होतं! काही महिन्यांत त्यातला हलका, चटकन पेटणारा भाग उडून जातो आणि उरलेल्याचा चिकटा कार्ब्युरेटरची बारीक छिद्रं बुजवतो. त्यात आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल. हा गडी हवेतलं पाणी शोषून घेतो, जुन्या रबरी नळ्याही खातो.

उपाय? टाकी गच्च भरा, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. वर फ्युएल स्टॅबिलायझर घाला.

रद्दीखाली कोट्यवधी

फ्रान्समधल्या एका शेतघरी २०१४ साली लिलाववाल्यांना साठ जुन्या गाड्या सापडल्या. बायों कुटुंबाचा हा संग्रह दशकानुदशकं पडक्या शेडमध्ये धूळ खात होता. त्यात एक फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर, एके काळी अभिनेता आलँ दलाँची. ती होती जुन्या मासिकांच्या ढिगाऱ्याखाली!

२०१५ च्या लिलावात तिला १ कोटी ६० लाख युरोंहून जास्त मिळाले. आता कळलं, जुनी मासिकं रद्दीत का घालू नयेत?

गाडीही बुडाली, करही बुडाला

१९२५ ची एक बुगाटी स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरच्या माज्जोरे तळ्यात कित्येक दशकं तळाशी बसून होती. किस्सा असा सांगतात, की आयातकर थकला म्हणून कस्टमवाल्यांनी तिला साखळीनं पाण्यात लटकवलं. पुढे साखळी गंजून तुटली. टुबुक!

२००९ मध्ये पाणबुड्यांनी ती वर काढली. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या लिलावात या सांगाड्याला मिळाले २ लाख ६० हजार युरो. पण हुरळून जाऊ नका. तुमची फियाट विहिरीत टाकल्यास भाव वाढत नाही!

मूषकराज, वाहन बदला!

गणपतीचं वाहन उंदीर, आणि उंदराचं आवडतं वाहन? बंद पडलेली कुठलीही गाडी! उंदरांचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात. कुरतडणं त्यांना भागच असतं. समोर वायर दिसली की झालंच.

होंडा कंपनीनं यावर काय काढलं, माहीत आहे का? मिरचीतलं तिखट लावलेली टेप! वायरीला गुंडाळा, उंदीर सी-सी करत पळेल. घरगुती उपायही आहे: सायलेन्सरच्या तोंडात तारेची घासणी कोंबा. पण स्टिअरिंगला चिठ्ठी चिकटवा, म्हणजे स्टार्ट करण्याआधी ती काढायचं लक्षात राहील.

हँडब्रेक? हात नको!

लांबच्या मुक्कामाला हँडब्रेक ओढून ठेवलात, तर ब्रेकचे लायनर ड्रमलाच चिकटून बसू शकतात. चाकांना ठोकळे लावा, ब्रेक मोकळा सोडा. एकाच जागी उभ्या गाडीचे टायर खालून चपटे होतात, म्हणून जॅक स्टँडवर चढवा. बॅटरीची वायर काढा किंवा मेंटेनर चार्जर जोडा.

ताडपत्री? तोबा!

मुंबई-कोकणातल्या मालकांनो, कान इकडे करा. प्लास्टिकची ताडपत्री पाऊस बाहेर ठेवते, पण ओल आत कोंडते. गॅरेजात हवा खेळेल असं सुती कव्हर घाला. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली, की गंज गियर बदलतो! बजेट असेल तर डीह्युमिडिफायर बसवा. हौशी लोक तर पंख्यानं फुगणाऱ्या पारदर्शक बुडबुड्यातच गाडी ठेवतात.

म्युझियमही सुरक्षित नाही!

फेब्रुवारी २०१४. अमेरिकेत केंटकीतल्या कॉर्व्हेट म्युझियमची जमीन पहाटे खचली आणि आठ कॉर्व्हेट गडप! सुदैवानं माणूस एकही नव्हता. तीन गाड्या दुरुस्त झाल्या, पाच चेपलेल्या अवस्थेतच प्रदर्शनात मांडल्या. खड्ड्यांचं काय, ते आपल्याला नवीन नाही म्हणा.

दसऱ्याची राणी

आता जरा अभिमानाची गोष्ट. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक दसऱ्याला दिमाखात दसरा चौकात येते. सोनं लुटायला आलेले लोक आधी तिच्याकडे बघतात!

व्हीए म्हणजे व्हीआयपी

आणि हे माहीत आहे का? २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, देखभाल यासाठी बिनधास्त काढा. रोज ऑफिसला मात्र न्यायची नाही. म्हणजे बहुतेक दिवस ती गॅरेजातच!

तेव्हा मंडळी, सगळ्याचं सार एकच: कोरडी जागा, भरलेली टाकी, मोकळा ब्रेक आणि महिन्यातून एकदा तरी कव्हर उचलून टाकलेली नजर. या रविवारी टीव्हीचा रिमोट ठेवा आणि गॅरेजची किल्ली उचला!