सातारा दोन पायऱ्या, सांगली एकतीस

लेखमाला : संख्यांचा माग (भाग ६)

साताऱ्याचा पिनकोड ४१५००१, सांगलीचा ४१६४१६. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाले. ही पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृत कवी. पत्रांची छाननी सोपी व्हावी, एवढ्यासाठीच हे सहा अंक आले. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या अंकांत फरक आहे अवघ्या १४१५ चा. पण अ‍ॅलिकॉट क्रमिकेच्या वाटेवर सोडल्या की या दोन संख्या इतक्या वेगळ्या वागतात, की अवयव पाडणाऱ्या सॉफ्टवेअरची जवळजवळ सगळी गोष्ट त्यांच्यावरून सांगता येते.

मागच्या भागात सांगितलेला या क्रमिकेचा नियम असा होता : संख्येचे स्वतःखेरीज सर्व विभाजक मिळवायचे, आलेल्या बेरजेचे पुन्हा तेच करायचे. ६ ची बेरीज ६ च येते, म्हणून ती परिपूर्ण संख्या. २२० वरून २८४ येते आणि २८४ वरून पुन्हा २२०, म्हणून त्या मित्रसंख्या. बाकीच्या कित्येक क्रमिका एखाद्या मूळ संख्येवर येऊन १ वर संपतात. काही मात्र चढतच राहतात. २७६ पासून सुरू होणारी क्रमिका दोन हजारांहून अधिक पायऱ्या मोजूनही संपलेली नाही, आणि तिच्यातल्या संख्या दोनशे अंकांच्या पुढे गेल्या आहेत. विभाजकांची बेरीज करायची तर आधी मूळ अवयव हवेत. सगळे घोडे अडते ते तिथेच.

साताऱ्यापासून सुरुवात करू. ४१५००१ ला २ ने भाग जात नाही, ३ ने नाही, ५, ७, ११ नेही नाही. ओळीने मूळ संख्या घेत गेले तर १११ भागाकार वाया जातात आणि ११२ व्या मूळ संख्येला, म्हणजे ६१३ ला, यश येते : ४१५००१ = ६१३ × ६७७. हेच उत्तर एका ओळीतही मिळते. ४१५००१ च्या लगेच वरचा पूर्ण वर्ग ६४५ चा, म्हणजे ४१६०२५. त्यातून ४१५००१ वजा केले की १०२४ उरतात आणि १०२४ हा ३२ चा वर्ग. दोन वर्गांची वजाबाकी मिळाली की अवयव हातात आले : ६४५ − ३२ = ६१३ आणि ६४५ + ३२ = ६७७.

ही वर्गांच्या वजाबाकीची रीत सतराव्या शतकातल्या फर्माच्या नावाने ओळखली जाते. नारायण पंडितांनी १३५६ मध्ये लिहिलेल्या ‘गणितकौमुदी’त तिच्याच जातीची रीत आहे. कार्ल पोमरन्स यांनी १९८१ मध्ये मांडलेली क्वाड्रॅटिक सिव्ह ही चाळणी याच कल्पनेवर उभी आहे. एकच सोयीची वजाबाकी नशिबाने सापडेल म्हणून ती थांबत नाही. छोट्या मूळ अवयवांत फुटणारे हजारो संबंध ती चाळून काढते आणि त्यांतले योग्य ते एकत्र गुणून वर्ग जुळवते.

साताऱ्याची क्रमिका पटकन संपते. विभाजकांची बेरीज ६१४ × ६७८ = ४१६२९२; त्यातून ४१५००१ वजा केले की १२९१. ती मूळ संख्या आहे, म्हणून पुढची पायरी १. दोन पायऱ्यांत खेळ आटोपला.

सांगलीचे अवयव तोंडी पाडता येतात. ४१६४१६ म्हणजे ४१६ × १००१, म्हणजे २×२×२×२×२×७×११×१३×१३. छोट्या अवयवांची एवढी दाटी असली की विभाजकांची बेरीज फुगते. पहिल्या पायरीला ६९०३६८, दुसरीला ९६७७४४. क्रमिका दहा लाख ओलांडणार असे वाटते तोच तिसरी पायरी ९५२७५० येते. तिचे अवयव २×५×५×५×३७×१०३. इथे २ एकदाच आहे आणि ३ अजिबात नाही. रिचर्ड गाय आणि जॉन सेल्फ्रिज यांनी १९७५ मध्ये अशा रचनांचा अभ्यास केला. क्रमिकेला चढवणाऱ्या किंवा उतरवणाऱ्या या रचनांना ‘ड्रायव्हर’ म्हणतात. एकटा २ हा उतरवणारा ड्रायव्हर. त्याच्या हाती सापडलेली सांगली ८९६७८६, ५७०७१८, २८८६०२, १४८४७४, ७८०७४, ४०४८६ अशी २२२९८ पर्यंत घसरते.

२२२९८ म्हणजे २ × ११,१४९. यातली मोठी मूळ संख्या ४ ने भागली तर बाकी १ उरते, आणि त्यामुळेच पुढच्या पदात २ चे घात वाढतात : १११५२ मध्ये २ चार वेळा आहे. उतार थांबतो, १२२८४ पर्यंत थोडी चढण लागते, मग पुन्हा घसरण. एकविसाव्या पायरीला ४०० येते. हा २० चा वर्ग, आणि सम पदावरून विषम पदावर उडी पडते ती फक्त वर्गावरून किंवा वर्गाच्या दुपटीवरून. पुढे ५६१, ३०३, १०५, ८७, ३३, १५, ९, ४, ३ आणि एकतिसाव्या पायरीला १. सातारा जिल्ह्यातल्या कऱ्हाडचा ४१५११० मात्र ६ ने भाग जाणारा आहे. त्याचे पुढचे पद ५९८३६२, तेही ६ ने विभाज्य. ६ हा चढवणारा ड्रायव्हर, आणि तो सहजी सुटत नाही.

सहा अंकांपर्यंत वही-पेन्सिल पुरते. शंभर अंकांच्या आसपास सॉफ्टवेअर लागते, आणि ते वापरणाऱ्याला हत्यारांचा क्रम माहीत असावा लागतो.

पहिले काम शोधाचे. फॅक्टरडीबी या खुल्या कोठारात असंख्य क्रमिकांची पदे आणि त्यांचे अवयव नोंदलेले आहेत. आधी तिथे पाहिले तर झालेले काम पुन्हा करावे लागत नाही. त्यापुढे बहुतेक हौशी अभ्यासक ‘याफू’ हा मोफत प्रोग्रॅम वापरतात. छोट्या मूळ संख्यांनी भागणे, पोलार्डच्या रीती, मग इलिप्टिक कर्व्ह पद्धत म्हणजे ईसीएम, आणि शेवटी चाळण्या, असा क्रम तो स्वतःच लावतो. क्रमिका आपोआप पुढे नेण्यासाठी ‘अ‍ॅलिक्विट’ हा प्रोग्रॅम याफूसारख्या हत्यारांना एकामागून एक कामाला लावतो.

ईसीएमचा स्वभाव समजला नाही की निम्म्या तक्रारी तिथेच जन्म घेतात. हेंड्रिक लेन्स्ट्रा यांनी १९८० च्या दशकात शोधलेल्या या पद्धतीला वेळ किती लागणार, हे मुख्यतः शोधायच्या अवयवाच्या आकारावर ठरते. प्रत्येक कर्व्ह हा एक स्वतंत्र प्रयत्न. तीस अंकी अवयवासाठी अडीच लाखांची मर्यादा ठेवून सुमारे साडेचारशे कर्व्ह चालवतात. ते सगळे चालवूनही असलेला अवयव निसटण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के राहते. म्हणून काही सापडले नाही, याचा अर्थ प्रोग्रॅम बिघडला असा होत नाही. कर्व्ह एकमेकांवर अवलंबून नसल्यामुळे ते वाटूनही देता येतात. सांगलीच्या विलिंग्डनसारख्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत वीस संगणक असतील, तर प्रत्येकाला आपला वाटा देऊन हे काम निभावता येते.

चाळण्यांचे गणित उलटे. त्यांना अवयव लहान की मोठा याचे देणेघेणे नसते. वेळ ठरतो संख्येच्या आकारावर. साधारण ९५ ते १०० अंकांपर्यंत क्वाड्रॅटिक सिव्ह वेगवान ठरते, त्यापुढे नंबर फील्ड सिव्ह म्हणजे एनएफएस. फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकी आरएसए-२५० ही संख्या फोडली गेली ती एनएफएसनेच, ‘कॅडो-एनएफएस’ या सॉफ्टवेअरवर.

आता नेहमीच्या अडचणी.

प्रोग्रॅम सुरू होताच बंद पडला, तर आधी प्रोसेसर पाहावा. नव्या प्रोसेसरच्या खास सूचना वापरून बांधलेली आवृत्ती जुन्या संगणकावर चालत नाही. जुन्यासाठी साधी आवृत्ती घ्यावी लागते.

नव्वद अंकांपर्यंत सगळे सुरळीत, आणि शंभरीच्या पुढे गेले की याफू अडतो : ही सर्वांत ओळखीची तक्रार. कारण बहुधा एकच. एनएफएससाठी लागणारे चाळणीचे प्रोग्रॅम वेगळे असतात. ते उतरवून त्यांच्या फोल्डरचा पत्ता याफूच्या आयएनआय फाइलमध्ये लिहावा लागतो. तो लिहिला की ‘ट्यून’ ही आज्ञा एकदा चालवावी. कोणत्या अंकसंख्येला एका चाळणीवरून दुसरीवर जायचे, हे याफू मग त्या संगणकावर मोजून ठरवतो.

एकाच फोल्डरमध्ये दोन खिडक्या उघडून दोन संख्या लावल्या, तर दोन्ही प्रोग्रॅम एकाच नावाच्या फाइलींवर लिहू लागतात आणि तासांची मेहनत मातीत जाते. प्रत्येक कामाला स्वतंत्र फोल्डर, हा नियम कधी मोडू नये.

वीज गेली तरी सगळे गेले असे नसते. क्वाड्रॅटिक सिव्हचे संबंध फाइलीत साठत जातात. त्याच फोल्डरमध्ये तीच संख्या पुन्हा दिली की काम पुढे सुरू होते. एनएफएसमध्ये मात्र जुने काम पुढे न्यायचे आहे, हे आज्ञेत स्पष्ट सांगावे लागते. जुन्या फाइली आधी दुसरीकडे उतरवून ठेवणे शहाणपणाचे. अचानक बंद पडल्याने शेवटची ओळ अर्धवट राहिली असेल, तर वाचताना एखादी चूक दिसते. लाखो ओळींत त्याने फरक पडत नाही.

‘संबंध अपुरे आहेत’ असा निरोप आला, तर आणखी चाळावे, एवढेच. पण चाळणी नीट होऊन मॅट्रिक्स सोडवण्याच्या, म्हणजे वर्ग जुळवणारे संबंध निवडण्याच्या, टप्प्यावर वारंवार चूक येत असेल, तर संशय संगणकावर घ्यावा. या टप्प्यावर मेमरीवर प्रचंड ताण पडतो, आणि इतर वेळी न दिसणारा रॅमचा दोष इथे उघडा पडतो. सांगलीच्या एप्रिलमध्ये तापलेला लॅपटॉप तर स्वतःच वेग कमी करतो; हवा खेळती ठेवून एखादा थ्रेड कमी लावला की एकूण काम उलट लवकर होते.

शेवटचे काम पडताळणीचे. अवयवांचा गुणाकार दिलेल्या संख्येएवढा येतो का, आणि प्रत्येक अवयव खरोखर मूळ आहे का, हे पाहावे. बेरजेचा छोटा प्रोग्रॅम स्वतः लिहिणाऱ्यांनी पुन्हा येणाऱ्या अवयवांकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. सांगलीच्या संख्येत १३ दोनदा आहे. त्यासाठी १ + १३ + १६९ = १८३ घ्यायचे; कोणी १४ × १४ = १९६ घेतले, तर पहिली पायरी ६९०३६८ ऐवजी ७६८९९२ येते आणि तिथून पुढची वाटच चुकते.

वाचकांनी या आठवड्यात मिरजेचा ४१६४१० घेऊन पाहावा, आणि संगणक हाताशी असेल तर कऱ्हाडचा ४१५११० सुद्धा. प्रत्येक पदाचे अवयव शेजारी लिहून ठेवले, तर ड्रायव्हर कुठे पकडतो आणि कुठे सुटतो ते दिसेल. पुढच्या भागात एनएफएसचा पहिला टप्पा, म्हणजे योग्य बहुपदीची निवड.