ढिगारा उचलण्याआधी सलाइन

२४ ऑगस्ट २०२० रोजी रायगडमधील महाडला 'तारिक गार्डन' ही पाच मजली इमारत कोसळली. १६ जणांचा जीव गेला. चार वर्षांचा एक मुलगा सुमारे १९ तासांनी जिवंत सापडला. माणूस बाहेर आला की तो वाचला, असे आपल्याला वाटते. पण धोका तेव्हाच वाढू शकतो.

हातपाय तासन्‌तास दबले की स्नायूंच्या पेशी फुटतात. भार हटताच त्यांतले पोटॅशियम रक्तात मिसळते आणि हृदय बंद पडू शकते. मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडे निकामी करते. १९४१ मध्ये लंडनच्या बॉम्बहल्ल्यांतील जखमींवरून डॉ. एरिक बायवॉटर्स यांनी या विकाराचे वर्णन केले.

म्हणून शक्य असेल तिथे ढिगाऱ्यातच शिरेतून नॉर्मल सलाइन सुरू करतात. पोटॅशियम असलेले रिंगर लॅक्टेट टाळतात. सलाइनसाठी सुटका मात्र थांबवत नाहीत.

आपण १०८ ला फोन करावा. रक्तस्राव असेल तर जखम दाबून धरावी. माणूस किती वाजल्यापासून अडकला होता, हे डॉक्टरांना नक्की सांगावे. बाहेर आल्यावर तो बोलत असला, तरी त्याला घरी नव्हे, रुग्णालयातच न्यावे.